अनोळखी फोल्डरांचे निर्मूलन

ज्या वस्तूचं नाव आपल्याला ठाऊक नाही ती वस्तू निरुपयोगी असते, या तत्त्वावर आजवरचा सगळा सुधारलेला कारभार उभा आहे. आमच्या पाणीपुरवठा कार्यालयाला हे तत्त्व थोडं उशिरा सापडलं, म्हणजे मुख्य कॉम्प्युटर भरला त्या दिवशी. तो इतका गच्च भरला होता की 'कॉम्प्युटर भरला आहे' हे कळवणारं परिपत्रकही त्यात मावेना. ते हाताने लिहावं लागलं. हस्ताक्षर माझं होतं, म्हणून पुढे नेमलेल्या समितीचा सचिवही मीच झालो.

प्रोग्रामरचं म्हणणं साधं होतं. (तो कंत्राटी आहे, कंत्राटी माणसांचं म्हणणं साधंच असतं.) फोल्डरांची नावं आधी माहीत असायची गरज नाही, म्हणाला. प्रोग्राम आपणहून प्रत्येक फोल्डरात शिरतो, आत आणखी फोल्डर असले तर त्यांतही शिरतो, आणि दहा वर्षांत कुणी न उघडलेली फाइल दिसली की ती पुसून बाहेर येतो. साहेबांना हे रुचलं नाही. नाव न विचारता कुठेही शिरणं त्यांना सभ्यपणाचं वाटेना. शिवाय दहा वर्षांत ज्याला कुणी हात लावला नाही ते सगळं काढायचं ठरलं, तर अर्ध्या अधिकाऱ्यांनी अस्वस्थ व्हायचं कारण होतं. तेव्हा असं ठरलं की जुन्या-नव्याचा भेद न करता फक्त अनोळखी नावांचे फोल्डर शोधावेत आणि त्यांतल्या फाइली पुसाव्यात.

अनोळखी कशाला म्हणायचं यावर नऊ बैठका झाल्या. अखेर व्याख्या झाली: 'जे नाव आपल्या ओळखीचं आहे असं एकही कर्मचारी लेखी कबूल करत नाही, ते नाव अनोळखी.' दोन हजार तीनशे अठरा नावांची यादी व्हरांड्यात लावली. प्रत्येक नावापुढे सहीचा रकाना, आणि तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ: 'सही करणारा आतल्या सर्व मजकुराला जबाबदार राहील.' ही ओळ माझी. तिचा मला अभिमान आहे.

त्या ओळीने कामाला विलक्षण गती दिली. टपाल शाखेच्या लिपिकाने स्वतःच्याच नावाच्या फोल्डरापुढे उभं राहून, हे नाव कधी कानावर आल्याचं आठवत नाही, असं सांगितलं. आठवड्याभरात फक्त सात नावांपुढे सह्या पडल्या. सातही फोल्डर साहेबांच्या फोटोंचे होते, आणि त्यांच्यापुढे मात्र प्रत्येकी एकशे बेचाळीस सह्या होत्या. (एकूण कर्मचारी एकशे एकेचाळीस. कुणीतरी उत्साहात दोनदा केली.)

प्रोग्रामची पहिली चाचणी दोन सेकंद चालली. तो ज्या फोल्डरात ठेवला होता त्याचं नाव अकारविल्हे पहिलं आलं, आणि त्यापुढे सही नव्हती. प्रोग्रामर कंत्राटी असल्यामुळे त्याला सहीचा अधिकारच नव्हता. प्रोग्रामने स्वतःला पुसून टाकलं. समितीने त्याच्या निःपक्षपातीपणाची नोंद घेतली आणि तो पुन्हा लिहायला चार दिवस दिले.

त्या चार दिवसांत नकाशेवाल्या बाई माझ्या टेबलाशी आल्या. बाईंनी एकोणीस वर्षं हातात टेप घेऊन गावातली गल्ली न् गल्ली पायी मोजली आहे. कुठला पाइप कुठून जातो, किती खोल आहे, कुठला व्हॉल्व्ह उलटा फिरतो, हे सगळं रेखाटून त्यांनी 'खालचं सगळं' नावाच्या फोल्डरात ठेवलं आहे. त्यांना विचारल्याशिवाय फिटर कुदळ उचलत नाहीत. दुसरी प्रत नाही, कारण पेन ड्राइव्हवर आम्हीच बंदी घातली आहे. आणि पुढच्या महिनाअखेर बाई निवृत्त व्हायच्या होत्या.

त्यांना सही करायची होती, जबाबदारीसकट. नाइलाजाने मला सांगावं लागलं की साहेबांचे फोटो सोडले तर सहीसोबत त्या कामाचा लेखी आदेश जोडायला हवा, आणि हे काम त्यांना कुणीच सांगितलेलं नव्हतं. त्यांनी ते आपणहून केलं होतं. म्हणजे त्यांची ओळख खाजगी ठरत होती.

"अहो, मी गेल्यावर फिटरांनी कुणाला विचारायचं?" बाई म्हणाल्या.

मी म्हणालो, अर्ज करा. हे म्हणताना मला फार वाईट वाटलं. (वाईट वाटायला नियमांत मनाई नाही.)

बाईंनी अर्ज केला नाही. व्हरांड्यातली यादी त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचली आणि जागेवर जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी 'खालचं सगळं' नाहीसं झालं होतं आणि यादीत 'साहेबांचे फोटो (उरलेले)' अशी भर पडली होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यापुढे एकशे एकेचाळीस सह्या पडल्या. साहेबांचे फोटो ओळखत नाही असं म्हणणार कोण?

संध्याकाळपर्यंत ही युक्ती सगळ्यांना कळली. चौथ्या दिवशी यादीत 'साहेबांचे फोटो (लहानपणीचे)', 'साहेबांचे फोटो (मागून)' आणि 'साहेबांचे फोटो (साहेब नसलेले)' यांसह जवळपास सगळी नावं ओळखीची झाली. प्रोग्राम चालवला. एकच फोल्डर अनोळखी निघाला. त्यात समितीची व्याख्या होती. (जबाबदारीची ओळ वाचून मीही सही केली नव्हती.) कॉम्प्युटर आजही गच्च भरलेला आहे, परंतु त्यात एकही अनोळखी नाव नाही. मोहीम शंभर टक्के यशस्वी झाली.

साहेब गहिवरले. सगळ्यांना बोलावून त्यांनी सहज एक फोल्डर उघडला. तो नेमका बाईंचा निघाला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघांचं जाळं उमटलं. बाईंचा चेहरा उतरला.

"हा माझा कुठला फोटो?" साहेबांनी विचारलं.

सह्या एकशे एकेचाळीस जणांच्या होत्या. बोलला तो प्रोग्रामर. "एक्स-रे असावा, साहेब."

साहेबांनी पडदा बराच वेळ न्याहाळला. मग डावीकडच्या एका वळणावर बोट ठेवून त्यांनी हळूच विचारलं, इथे काही गंभीर आहे का?

"तिथे गळती होती," बाई म्हणाल्या. "मागच्या वर्षी बंद केली."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी तिथल्या तिथे लेखी आदेश काढला: सदर फोल्डर कायमस्वरूपी जपावा, जाणकारांना (म्हणजे फिटरांना, असं बाईंनी सुचवलं) वेळोवेळी दाखवून त्यांचं मत घ्यावं, आणि त्याची सगळी माहिती असलेल्या बाईंना दोन वर्षं मुदतवाढ द्यावी. एकोणीस वर्षांत त्या कामाचा निघालेला हा पहिला आदेश. बाईंनी तो दोनदा वाचला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला. त्यांचे डोळे भरून आले, माझेही आले.

आता प्रोग्राम रिकामा बसून आहे, म्हणून हीच पद्धत आम्ही नागरिकांच्या तक्रारींना लावली आहे. प्रलंबित तक्रारी अकरा हजार चारशे सहा. रोज चहाच्या वेळी तक्रारदारांची नावं मोठ्याने वाचली जातात, आणि ज्याला कार्यालयात कुणीच ओळखत नाही त्याची तक्रार पुसली जाते. नळाला पाणी कमी येतं ही तुमची तक्रार काल वाचनाला आली. तुमचं नाव मी स्वतः दोनदा, अगदी स्पष्ट वाचलं. सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. फक्त एकाने विचारलं की हे साहेबांच्या नात्यातले तर नव्हेत? मी म्हणालो, विचारून सांगतो. तेव्हा सोमवारपर्यंत कळवा, साहेब तुमचे कोण लागतात. घाई नाही, एखादं दूरचं नातं तुम्ही शोधायला लागला आहात, हे मला इथूनही दिसतंय.