दातपाड्या दगड

ओव्हरसियर गोपाळकृष्ण मोहरीलांनी एका रविवारी बैलगाडीतून घरी दगड आणला, तेव्हा त्यांच्या पत्नी ताराबाईंना वाटलं, जातं असेल. पण तो होता कमरेइतका उंच, एका अंगानं वंगणानं काळाकुळकुळीत झालेला साधा धोंडा. आणि तो अंगणात उतरवून घेताना मोहरील असे मिरवत होते की स्वतःच्या लग्नात काय मिरवले असतील!

"हाच तो," ते म्हणाले.

ताराबाईंना तेवढं पुरलं. अकोला-अकोट रस्त्यावर सतराव्या मैलाला नाल्याजवळ एक वळण होतं. त्या वळणाच्या ऐन काठावर हा दगड इंग्रजाच्या काळापासून उभा. मोहरील या रस्त्यावर बदलून आले त्याच वर्षी सायकलसकट त्याच्यावर आपटले आणि वरचे दोन दात तिथंच ठेवून आले. दुसरा कोणी नशिबाला बोल लावून गप्प बसला असता. मोहरीलांनी खात्याला पत्र लिहिलं. रस्त्याच्या काठाला दगड किती जवळ असावा याबद्दल नियमच नाही, असं उत्तर आलं. मग नियम करा, असं यांनी लिहिलं, आणि पुढं अकरा वर्षं लिहीत राहिले.

अखेर बासष्ट साली अमरावतीच्या मोठ्या साहेबांचं पत्रक निघालं. रस्त्याच्या काठापासून आठ फुटांच्या आत कुठलीही आडकाठी नको. खुणेचे दगड त्याच्या पलीकडे, चुना मारून. आधी सतराव्या मैलावर करून बघायचं, साहेब येऊन पाहणार, पसंत पडलं तर सगळ्या रस्त्यांना तेच. मोहरील मार्चमध्ये रिटायर होणार होते. आयुष्यात एक तरी गोष्ट आपल्या हातून व्हावी, एवढंच त्या माणसाचं मागणं होतं, आणि ते काही फार नव्हतं.

दगड उपटायच्या दिवशी गँगचे मुकादम नत्थुजी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, हातात घेऊन नुसतेच उभे राहिले. वीस वर्षं त्याच रस्त्यावर माती-मुरूम टाकण्यात गेलेला माणूस. बोलणं मोजकं.

"साहेब, हा राहू द्या," ते म्हणाले. "हा दगड बैलायचा हाय."

मोहरील हसले. बैलांनी कधी खात्याकडे अर्ज केल्याचं मला आठवत नाही, असं काहीतरी चावट बोलले आणि गँगही हसली. नत्थुजींनी सब्बल घातली. त्या वेळी जरा थांबून 'कसा काय?' एवढं विचारलं असतं तर! पण अकरा वर्षं वाट पाहिलेल्या माणसाला थांबायचं कुठलं सुचतं?

दगड निघाला, पलीकडे सहा पांढरेशुभ्र दगड लागले आणि मग कापसाचा हंगाम आला. गावागावांतून गाड्या रात्रीच निघायच्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अकोटच्या बाजारात पोचायच्या. पहिली गाडी खुशालरावांची. तोच दगड मोहरीलांच्या घरी पोचवून देणारे हेच खुशालराव. सकाळी आठ वाजता, स्वच्छ उन्हात, त्यांची गाडी वळणाशी आली, वळली नाही, आणि सरळ नाल्यात गेली. मागच्या दोन गाड्याही तिच्यामागं गेल्या.

मोहरील सायकल मारत पोचले तेव्हा कापूस चिखलात होता आणि खुशालराव आपल्या गुण्या नावाच्या म्हाताऱ्या बैलाचा पाय धरून बसले होते.

"मी तं झोपलो होतो, साहेब," खुशालराव म्हणाले. "पन हा काहून नाही वळला? बारा वर्षांत कधी चुकला नाही."

तेव्हा नत्थुजींनी समजावून सांगितलं. गाडीवान झोपलेला असतो. चाकाचा तुंबा, म्हणजे मधला वंगण लावलेला गड्डा, वळणावरच्या दगडाला घासतो, खर्र असा आवाज होतो आणि बैल वळतो. इथला प्रत्येक बैल हेच शिकलेला. दगडावरचं ते काळं वंगण पन्नास वर्षांच्या गाड्यांचं होतं. मोहरीलांनी ते घरी घासून काढायला सांगितलं होतं, आणि ताराबाई आता त्या दगडावर धुणं धुवत होत्या.

चूक कळली. पण साहेबांची पाहणी शुक्रवारवर आली होती आणि नियम स्वतःचाच. दगड परत लावायचा कोणत्या तोंडानं? मोहरीलांनी पाटी लावली, 'सावकाश, पुढे वळण आहे.' ती झोपलेल्या माणसांनी वाचली नाही आणि बैलांनी तर मुळीच नाही. मग लाल निशाण घेऊन माणूस उभा केला. त्याला पाहून बैल बिथरले आणि दोन गाड्या पलीकडच्या तुरीत घुसल्या. मग शिट्टी दिली. शिट्टीनं गाडीवान जागे झाले खरे, पण पुढं तपासणी आहे असं समजून त्यांनी जागच्या जागी बैल सोडले. बावीस गाड्यांची रांग लागली. मागं अकोटची एसटी अडकली, आणि उतारू तुरीत बसून शेंगा सोलत राहिले. तुरीचा मालक मोहरीलांना काय म्हणाला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

गुरुवारी मोहरीलांनी ताट बाजूला सारलं. ताराबाईंनी धुण्याच्या दगडाकडे नुसतं पाहिलं.

शुक्रवारी सकाळी मोठे साहेब जीपमधून उतरले. समोरून गाड्यांची रांग येत होती आणि झाडून सगळे गाडीवान घोरत होते. मोहरीलांनी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात खर्र असा आवाज आला. डोळे उघडून पाहतात तर दगडाच्या जुन्या जागी नत्थुजी उकिडवे बसलेले, पुढ्यात एक फरशीचा तुकडा. गाडीचं चाक शेजारी आलं की ते तुकड्यावर सब्बल घाशीत. पहिली गाडी वळली, दुसरी वळली. एकामागून एक चौदा गाड्या वळल्या.

"गाडीवान झोपलेत का हो?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब."

"आणि तरी एक गाडी चुकली नाही! मोहरील, याला म्हणतात रस्ता."

सांगून टाकावं, असं मोहरीलांच्या फार मनात आलं. शब्द दातांच्या फटीपर्यंत आला आणि तिथंच राहिला. नत्थुजी त्यांच्याकडे बघत होते. मोहरील मान खाली घालून "थँक्यू सर" म्हणाले. त्या दोन शब्दांची लाज त्यांना पुढं जन्मभर वाटली.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. काम उत्तम, सर्व रस्त्यांवरचे काठाचे दगड याच धर्तीवर ताबडतोब काढावेत. खाली एक शेरा होता: 'वळणावर एक इसम काठापासून आठ फुटांच्या आत बसलेला आढळला. ही आडकाठी आहे. हलवावी.'

मोहरील ते पत्र घेऊन वळणावर गेले. पंधरा दिवस नत्थुजी रोज सकाळी तिथंच बसत होते. मोहरीलांनी त्यांना पत्र वाचून दाखवलं. नत्थुजी उठले, आठ फूट मोजून मागं सरले आणि तिथून सब्बल घासून पाहिली. येणाऱ्या बैलानं तिकडे कानही टवकारला नाही. नत्थुजींनी धावत जाऊन त्याची वेसण धरली, म्हणून गाडी वाचली.

त्या रविवारी ताराबाईंचं धुणं ओसरीवर राहिलं. खुशालरावांच्या गाडीतून दगड परत निघाला. गाडीला गुण्याच्या जागी दुसरा बैल होता. गुण्या आता लंगडत होता आणि गोठ्यातच असायचा. मोहरील विचारायला गेले तेव्हा खुशालराव म्हणाले होते, "तुमी काय मुद्दाम केलं, साहेब?" त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मोहरीलांनी स्वतः खड्डा खणला. दगड उभा राहिला.

"साहेब, हे नियमात बसते काय?" नत्थुजींनी विचारलं.

"नाही बसत."

"मंग खातं काढाले लावन ना."

"लावू दे," मोहरील दगडाभोवती माती दाबत म्हणाले. "मला अकरा वर्षं लागली. आता कोणीतरी बसून अकरा वर्षं लिहू दे."

नत्थुजी पहिल्यांदाच हसले. मोहरील मात्र हसले नाहीत. इकडे अकोटच्या पुढं, तिकडे पातूरकडे, थेट अमरावतीपर्यंत प्रत्येक वळणावर त्यांच्याच पत्रकाबरहुकूम सब्बली चालू होत्या, आणि तिथं बसायला दुसरा नत्थुजी नव्हता.