आधी जबाबदारी, मग रिमोट

घरात वस्तू हरवली की सामान्य माणूस ती शोधायला लागतो. जगातल्या बऱ्याचशा गोंधळाचं मूळ इथेच आहे. वस्तू काय, आज ना उद्या सापडतेच. पण ती कोणामुळे हरवली हे एकदा निसटलं की जन्मात हाती लागत नाही. शोधाशोधीच्या धांदलीत पुरावे तुडवले जातात, साक्षीदार चहा टाकायला निघून जातात, आणि खरा दोषी सगळ्यांच्या आधी वस्तू काढून देऊन वर शाबासकी घेतो.

अण्णांना हे ज्ञान फुकट मिळालेलं नाही. पाणीपुरवठा कचेरीच्या चौकशी विभागात त्यांनी उभी हयात घालवली. त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रकरणांत हरवलेली वस्तू क्वचितच सापडली, पण जबाबदारी झाडून सगळ्या प्रकरणांत निश्चित झाली. (एक पंप तर चौकशीभर कचेरीच्या आवारातच उभा होता. पण आवार चौकशीच्या कक्षेत येत नव्हतं.) निवृत्तीनंतर एवढा अनुभव वाया जाऊ नये म्हणून त्यांनी तो घराच्या सेवेला लावला. घराने मागितला नव्हता, पण सेवा करणारा माणूस आमंत्रणाची वाट बघत नाही.

आजवरची कामगिरी डोळ्यांत भरण्यासारखी आहे. कात्री प्रकरणात सूनबाई दोषी ठरल्या. कात्री पुढे माळ्यावर अण्णांच्याच पेटीत निघाली, पण तेवढ्याने निष्कर्षाला बाधा येत नाही. छत्री प्रकरणात थोरल्या मुलाला समज देण्यात आली. नेलकटरची चौकशी अजून चालू आहे. तोवर घरातल्यांचा कल नखं वाढवण्याकडे आहे.

अशा या सुव्यवस्थित घरात त्या संध्याकाळी टीव्हीचा रिमोट नाहीसा झाला.

वेळ वाईट होती. अण्णांच्या पत्नी, म्हणजे माई, बागेत फिरायला येणाऱ्या बायकांबरोबर एका छोट्या चॅनेलच्या स्टुडिओत प्रेक्षक म्हणून जाऊन आल्या होत्या. तिथे निवेदिकेने माइक नेमका त्यांच्यापुढे धरला आणि काहीतरी विचारलं. माई बोलल्या, आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवत राहिलं. घरी त्यांनी एवढंच सांगितलं होतं. बाकीचं टीव्हीवरच बघा म्हणाल्या होत्या. कार्यक्रम त्या दिवशी सातला लागणार होता, आणि एकदाच. चॅनेल इतकं गरीब की मोबाइलवरही दिसत नसे. माईंचं नाव आजवर मतदारयादीपलीकडे कुठे झळकलं नव्हतं. त्यांनी स्वयंपाक लवकर उरकला, ठेवणीतले कपडे घातले, आणि बंद टीव्हीसमोर जाऊन बसल्या. इतक्या खुशीत त्या कित्येक वर्षांत कोणाला दिसल्या नव्हत्या.

इथे चौकस वाचक विचारतील, टीव्हीला बटणं नसतात का? असतात. ती मागच्या बाजूला असतात, आणि थोरल्याने टीव्ही भिंतीला असा चिकटवून घेतला होता की मागे मुंगीला जायचं झालं तरी अंग चोरावं लागावं. धाकट्या लेकीने मोबाइलवर रिमोटचं ॲप उतरवलं. ते सुरू करायला टीव्हीच्या पडद्यावर ‘होय’ दाबायचं होतं. रिमोटने.

थोरला सोफ्याखाली वाकणार, तेवढ्यात अण्णांनी हात वर केला. “कोणी जागचं हलायचं नाही. आहे तसंच राहू दे सगळं.”

थोरला अर्धा वाकलेला होता. तो तसाच राहिला.

अण्णा आपल्या खुर्चीत नीट रेलून बसले आणि जबाब सुरू झाले. थोरला म्हणाला, काल बातम्या बघताना फोन आला म्हणून आवाज बंद केला, त्यानंतर रिमोटशी आपला संबंध नाही. सूनबाई म्हणाल्या, या घरात आपल्या हाती रिमोट येतो तो फक्त पुसण्यासाठी. (हे विधान विषयाला सोडून असल्याने वगळण्यात आलं.) लेक म्हणाली, आपण टीव्ही बघतच नाही. मग तिच्याच तोंडून काल रात्रीच्या मालिकेतल्या सासूने विष कुठल्या कपात घातलं ते बाहेर पडलं, आणि उलटतपासणीला चांगलंच बळ आलं.

घरगुती रिमोटांविषयी अण्णांचे काही ठोकताळे आहेत. निम्मे रिमोट सोफ्याच्या फटीत जातात, पाव हिस्सा अंथरुणात, थोडे फ्रिजमध्ये. उरलेले शेजारी नेतात आणि परत आणून देताना “हा तुमचाच का हो?” असं विचारतात. सूनबाईंनी सुचवलं की मग सोफ्याच्या फटीपासून सुरुवात करू या. अण्णांनी त्यांना समजावलं की फटीत हात घालणं हा पुराव्याशी खेळ आहे, आणि आधी त्या फटीशेजारी काल कोण कोण बसलं होतं हे ठरायला हवं. सूनबाई समजल्या. नऊ वर्षांच्या संसारात त्या पुष्कळ समजल्या होत्या.

“अहो, सात वाजत आले,” माई म्हणाल्या.

“वाजू देत. घाईची चौकशी वर टिकत नाही.” (वर कोण आहे, हे घरात कोणालाच ठाऊक नाही.)

माई हळूच म्हणाल्या, “आज एक दिवस नुसता शोधला तर नाही का चालणार?”

अण्णांना वाईट वाटलं. मनापासून वाटलं. इतक्या वर्षांच्या सहवासानंतर बायकोने मूळ तत्त्वालाच हात घालावा! त्यांनी शांतपणे सांगितलं की हे सगळं तिच्यासाठीच तर चाललंय. आज नुसता सापडला तर उद्या पुन्हा हरवेल. मग पुढच्या वेळी टीव्हीवर आलीस की काय करशील?

पुढची वेळ येणार नव्हती, हे माईंना माहीत होतं. त्या उठल्या, पायात चपला सरकवल्या आणि समोरच्या घरात राहणाऱ्या शिवणकामवाल्या बाईंकडे निघून गेल्या. साक्षीदार उठून गेल्याची नोंद अण्णांनी मनात करून ठेवली.

चौकशी ऐन रंगात आली असताना समोरून टीव्हीचा आवाज यायला लागला. आधी संगीत, मग निवेदिका, मग एक ओळखीचा वाटणारा बाईचा आवाज. लेकीने कान टवकारले. थोरल्यानेही मान वळवली, म्हणजे वाकलेल्या अवस्थेत जेवढी वळते तेवढी. इथे अण्णांची कर्तव्यनिष्ठा कामी आली. त्यांनी सूनबाईंना दार लावायला सांगितलं, कारण आवाजात जबाब ऐकू येईनात. दार लागलं. टाळ्या मात्र दारातूनही ऐकू आल्या, बराच वेळ.

थोड्या वेळाने माई परतल्या. डोळे ओले होते, आणि चेहरा असा उजळलेला की अण्णांना क्षणभर संशयच आला.

निष्कर्ष तयार होता. घरातल्या सगळ्यांचे जबाब झाले होते. जबाब न देता निघून गेलेली व्यक्ती एकच. निष्कर्ष बसून सांगायचा नसतो, म्हणून अण्णा उठून उभे राहिले. खुर्चीतली उशी त्यांच्याबरोबर जराशी सरकली, आणि तिच्याखालून रिमोट घरंगळत सगळ्यांच्या देखत फरशीवर पडला.

लेच्यापेच्या माणसाची अशा वेळी त्रेधा उडाली असती. अण्णांनी रिमोट उचलला, झटकला आणि विचारलं, “या उशीचा अभ्रा आज कोणी बदलला?”

“मीच,” माई म्हणाल्या.

अण्णांनी सगळ्यांकडे एकवार बघितलं. प्रकरण निकाली निघालं होतं. थोरला सरळ झाला, सूनबाई पानं घ्यायला गेल्या, अण्णांनी बातम्या लावल्या. माई कोपऱ्यात बसून स्वतःशीच हसत होत्या. दोषी माणसं निकालानंतर अशी मोकळी होतात, असा अण्णांचा अनुभव आहे.

रिमोट अण्णांच्याच बुडाखाली असणार, हे तुम्ही मघाशीच ओळखलं होतंत. शाबास, नजर तयार आहे तुमची. शोध लागला, जबाबदारी ठरली, आता तुमचीही काही तक्रार नसावी. माईंना त्या निवेदिकेने काय विचारलं, आणि माई काय बोलल्या, ते घरात अजून कोणी विचारलेलं नाही. तुम्ही तरी कुठे विचारलंत?