पत्रिकेत अडकलेले दाजी

"पत्रिका म्हंजे काय, दोन तासांचं काम!" असं शिवशरणनं घरात जाहीर करून टाकलं. खोटं नव्हतं ते. राजारामपुरीत त्याचं डीटीपीचं दुकान होतं आणि सात वर्षांत निम्म्या जिल्ह्याची लग्नं त्यानं कॉम्प्युटरवर लावली होती. मग पोटच्या पोरीची, सौंदर्याची पत्रिका ती काय!

अडचण एकच होती, आणि ती सकाळच्या एसटीनं कुरुंदवाडहून येऊन दुकानातल्या स्टुलावर बसली होती. आक्का. थोरली बहीण. शिवशरणच्या वास्तुशांतीच्या पत्रिकेत आक्काच्या मालकांचं, म्हणजे शिवलिंग दाजींचं नाव राहून गेलं होतं. तेव्हापासून दोन वर्षं दाजी या घरचं पाणी प्यायले नव्हते. भाचीवर राग नाही म्हणून सौंदर्याची सोयरीक त्यांनीच जुळवली. पण निरोप असा होता, की पत्रिकेत नाव दिसलं तर मांडवात पाय ठेवीन, नाहीतर तुमचं तुम्ही बघा! लग्न जुळवणाराच आला नाही तर मुलाकडचे काय म्हणतील, या काळजीनं सौंदर्या चार दिवस धड जेवली नव्हती.

त्यात चारच्या आत पत्रिका गुंडूच्या प्रेसवर पोचायला हवी होती. चारनंतर तिथं साखर कारखान्याच्या निवडणुकीची पत्रकं चढणार होती, आणि एकदा चढलेली पत्रकं पॅनल पडल्याशिवाय उतरत नाहीत.

दीड वाजला. दुधावर साय धरावी तशी रस्त्यावर दुपार धरली. एकेक शटर खाली आलं. समोरच्या झाडाची सावलीसुद्धा बुंध्याशी मुटकुळं करून निजली. कोल्हापुरात एक ते चार या वेळात फक्त सूर्य जागा असतो. शिवशरणही इतकी वर्षं त्या वेळी घरी घोरतच असे. पण लग्नसराईची गर्दी म्हणून गेले आठ दिवस तो दुपारीही दुकान उघडं ठेवत होता. आणि हे आठही दिवस नेमकं दुपारीच कॉम्प्युटरला काहीतरी होत होतं.

आजही झालं! चौऱ्याहत्तर नावं बसली, शेवटचे दाजी राहिले. पाहुण्यांच्या यादीत त्यांचं नाव हुद्द्यासकट तयार होतं: श्री. शिवलिंग बसाप्पा मगदूम, माजी व्हाइस चेअरमन. शिवशरणनं ते उचललं आणि पत्रिकेत चिकटवायचं बटण दाबलं.

काही नाही. पुन्हा दाबलं.

एरवी काजव्यासारखा लुकलुकणारा कॉम्प्युटरच्या डब्यावरचा तांबडा दिवा एकटक जळायला लागला. आतून कुणीतरी लांबवर जातं ओढत असल्यासारखी घरघर येऊ लागली. पडद्यावर वाळूचं घड्याळ तेवढं उलटंपालटं होत राहिलं.

"आलं का न्हाय नाव?" आक्का.

"येतंय की." त्यानं पुन्हा बटण दाबलं.

"तवाधरनं येतंय! एवढ्यात मी कुरुंदवाडला जाऊन माघारी आले असते."

"आक्का, ऊन हाय. तापलंय ते."

"मग डोकं थंड कर की त्याचं!"

ओला टॉवेल पिळून डब्यावर घातला. टॉवेल गरम झाला, डबा होता तसाच. मग आक्कानं पिशवीतून लिंबू काढून पडद्यावरून तीनदा उतरवलं. वाळूचं घड्याळ त्या लिंबाकडं शांतपणे बघत राहिलं. शिवशरणनं बटण आणखी आठदा दाबलं. शेवटी त्यानं कॉम्प्युटर बसवून देणाऱ्या सयाजीला फोन लावला. बारा वेळा घंटी वाजली.

"शिवशरणदादा, दुपारचं दोन वाजल्यात! कोण गेलं काय?"

"कोण न्हाय. दाजी अडकल्यात."

"अरं, तोंड संभाळ!" आक्का ओरडली.

"तांबडा दिवा पेटून ऱ्हायलाय? मग ते झाडलोट करतंय. रोज एकला डिस्क तपासून सामान आवरतंय."

"पण दुपारी कशाला?"

"तुमीच सांगितलासा की! मी इचारलं, मशीन रिकामं कवा असतंय? तुमी म्हटलासा, एक ते चार, त्या वक्ताला दुकान उघडं दिसलं तर माझं नाव बदल! आता तुमी मधी बोट लावलासा की ते परत पहिल्यापासनं झाडतंय."

"बंद करून टाकू?"

"टाका की. पत्रिका जाईल, दाजींच्या सकट."

"मग करू काय?"

"हात लावू नका. निजा घटकाभर." फोन ठेवल्याचा आवाज येण्याआधी जांभईचा आला.

शिवशरणनं हात मांडीखाली दाबून धरले. सकाळी आक्कानं आणलेली बासुंदी पोटात जड झाली होती. पंखा तोच तोच वारा पुन्हा पुन्हा देत होता. वाळूचं घड्याळ उलटलं, पालटलं... आणि पत्रिकेतली चौऱ्याहत्तर नावं फेटे बांधून रांगेनं पडद्याबाहेर उतरली, मांडवात शिरली, पानावर बसली. दाजी तेवढे मांडवाच्या दाराशी एका पायावर उभे. दुसरा पाय हवेत. "ठेवू का?" ते विचारत होते. "ठेवा की दाजी," शिवशरण म्हणत होता, पण आवाज फुटत नव्हता. पंगतीवर बारीक, पिवळी वाळू पडत होती आणि सगळे ती साखर समजून खात होते...

"शिवा! पावणेपाच!"

आक्काच्या गालावर स्टुलाशेजारच्या कागदांच्या गठ्ठ्याची दोरी उमटली होती. कॉम्प्युटर मात्र ताजातवाना! दिवा लुकलुकत होता. शिवशरणनं पत्रिकेची अगदी शेवटची ओळ पाहिली. श्री. शिवलिंग बसाप्पा मगदूम. आहे! त्यानं वरचं काही न बघता प्रिंट काढली आणि आक्काला लुनावर मागं घालून प्रेस गाठला.

प्रेसचं शटर अर्धंच वर होतं. खाली वाकून पाहिलं तर गुंडू पत्रकांच्या कोऱ्या कागदांवर पडल्या पडल्या डोळे चोळत होता.

"या दादा! लई लवकर आलासा? पॅनलवाल्यांची बी अजून वामकुक्षी चाललीया."

तिसऱ्या दिवशी पाचशे पत्रिका घरी आल्या. सौंदर्यानं पहिली उघडली आणि तिचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. दाजी होते. पण एका ओळीत नाही, अकरा ओळींत! वाट बघून बघून शिवशरणनं जितक्यांदा बटण दाबलं होतं, तितके दाजी त्या मशीननं इमानानं पोटात साठवले होते आणि मोकळं झाल्याबरोबर एकाखाली एक बाहेर सोडले होते.

पुन्हा छापणं शक्य नव्हतं. प्रेसवर साखर चढली होती. शिवशरण पत्रिका घेऊन, मान खाली घालून कुरुंदवाडला गेला. दाजींनी चष्मा लावला. पहिल्या ओळीपासून अकराव्यापर्यंत ओठ हलवत सावकाश वाचलं. चष्मा काढून डोळे पुसले.

"शिवशरण," ते म्हणाले, "एवढा मान मला सख्ख्या भावानं दिला न्हवता रं!"

दाजी लग्नाच्या दोन दिवस आधीच येऊन मांडवात बसले. लग्न थाटात झालं. व्याह्यांचे धाकटे बंधू तेवढे आले नाहीत. त्यांचं नाव पत्रिकेत एकदाच होतं.