आजार श्रीहरींच्या नावावर

अंबूताईंनी गुरुवारी सकाळी आमटीची वाटी भिंतीवर फेकली, आणि मग वाटी चेपली म्हणून रडल्या. वेदश्रीनं फक्त विचारलं होतं, "आई, माझी ओढणी बघितलीस का गं?" बावीस वर्षं मराठी शाळेत चौथीचा वर्ग सांभाळलेली, कधी छडीला हात न लावलेली बाई!

सहा महिने हेच चाललं होतं. ऐन थंडीत पंखा लागायचा, छाती उगाच धडधडायची, फळ्यावरची बेरीज अर्ध्यात विसरायची. आपल्याला वेड लागतंय, अशी अंबूताईंची खात्रीच झाली होती. पण सांगणार कुणाला?

श्रीहरींना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, कारण चांगलं ठाऊक होतं. बायकोची पाळी तीन-तीन महिने लांबते, हे एका घरात राहून कळणार नाही तर काय! पण पाटबंधारे खात्यातल्या ह्या हेडक्लार्कनं तो शब्द उभ्या जन्मात तोंडातून काढला नव्हता. त्यांची आई होती तोवर घरात चार दिवस बाजूला बसायची पद्धत होती. आई गेली, पद्धत गेली, बोलायची लाज मात्र जागच्या जागी राहिली.

शेवटी धीर करून ते देशपांडे नगरात पद्मनाभ नावाच्या कानडी डॉक्टरांकडे गेले. एकटेच! दवाखान्यात डॉक्टरांचं टेबल आणि पेशंटांचं बाकडं ह्यांच्यामध्ये नुसता पडदा. आणि बाकड्यावर कोण, तर त्यांच्याच ऑफिसातला सदाशिव, सर्दी घेऊन बसलेला.

"बर्री, या, बसा. काय होतंय?"

"रात्री घाम फुटतो. छाती धडधडते. राग येतो, मग रडू येतं."

"कुणाला?"

पडद्यापलीकडं सदाशिवचं शिंकणं एकदम थांबलं.

"मलाच," श्रीहरी म्हणाले.

डॉक्टरांनी बीपी बघितलं. घाबरलेल्या माणसाचं बीपी, ते चढलेलंच होतं. मीठ बंद, जिने चढणं बंद, पुढच्या आठवड्यात कार्डिओग्राम, आणि वर सल्ला, "मनाला लावून घेऊ नका."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी श्रीहरींच्या टेबलावरच्या फायली दुसरीकडे दिल्या. शिपायानं जिन्यावर दंडाला धरलं. संध्याकाळी सदाशिव चार शहाळी घेऊन घरीच हजर झाला.

"अक्का, अण्णांना जपा हं. रात्री घामाघूम होतात म्हणे. रडतात सुद्धा. मी ह्या कानांनी ऐकलंय की!"

अंबूताईंनी शहाळी जमिनीवर ठेवली. घाम, धडधड, रडू. अरे देवा, हे तर आपलंच! सहा महिने आपण घरात आग पेटवली आणि ती ह्यांच्या छातीला जाऊन लागली, दुसरं काय?

त्या दिवसापासून श्रीहरींपुढं अळणी आमटी आली, अळणी भाजी आली. "अगं, मला काही झालेलं नाही," असं ते म्हणायला गेले, की "सगळे असंच म्हणतात," म्हणून अंबूताई डोळ्याला पदर लावायच्या. ते गुमान गिळत राहिले.

सोमवारी संध्याकाळी अंबूताईंनी त्यांच्यापुढं एक कागद ठेवला. नोकरीचा राजीनामा.

"उद्या हेडबाईंना देणार. तुमच्यापुढं शाळा काय मोठी? तसंही माझं डोकं ठिकाणावर नाही. पोरांना काय शिकवणार मी?"

श्रीहरींनी कागद दोनदा वाचला. शाळेला निघताना ह्या बाईचा चेहरा जसा उजळायचा, तसा दुसऱ्या कशानंही उजळलेला त्यांनी पाहिला नव्हता. आपल्या भित्रेपणापायी ती शाळाच सोडून देत होती. त्यांना स्वतःची मनापासून शरम वाटली.

"चप्पल घाल," ते म्हणाले. "डॉक्टरांकडं जायचंय."

बाकडं गच्च भरलं होतं. सदाशिवही होता, त्याची सर्दी काही हटत नव्हती. श्रीहरी अंबूताईंना घेऊन आत गेले, पण पडदा ओढायचं भानच त्यांना राहिलं नाही.

"डॉक्टर, घाम माझा नव्हे. हिचा. रडणंही हिचंच. हिची पाळी जायची वेळ आलीय, आणि मला ते बोलायची लाज वाटली!"

सदाशिव छताकडं बघायला लागला.

"अय्यो, रायरे! काय हो साहेब हे!" डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी अंबूताईंना बसवून सगळं नीट विचारलं. "बाई, ह्या वयात अंगातली हार्मोन्स वरखाली होतात. घाम, राग, रडू, विसरणं, बहुतेक त्यामुळंच. थायरॉइडही तपासून घेऊ. लेडी डॉक्टरना चिठ्ठी देतो. वेडबिड काही नाही."

"नक्की?"

"आमच्या घरात दोन वर्षं हेच चाललंय की!"

अंबूताई रडल्या. ह्या खेपेला लपवून नाही, सगळ्यांदेखत. परत निघाल्यावर दोघं कोप्पीकर रोडला लागली. तिथं अंबूताई एकदम थांबल्या.

"तुम्हाला सगळं ठाऊक होतं? रात्रीचा घामसुद्धा?"

"जागाच असायचो की. पंखा मीच वाढवायचो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझी भीती वाटायची."

"सहा महिने मी एकटी मरत होते! शेजारी माणूस जागा, आणि तोंडातून एक शब्द नाही?" भर गर्दीत अंबूताईंचा आवाज चढला. "शाळा सोडायला निघाले होते मी! उद्या जाणारच शाळेत, सांगून ठेवते!"

दुकानदार मान वळवून बघायला लागले. हा राग हार्मोन्सचा नव्हता आणि कुठल्या गोळीनं उतरणाराही नव्हता, एवढं श्रीहरींना कळलं. मान खाली घालून ते ऐकत राहिले. अंबूताई दम घ्यायला थांबल्या, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "अजून आहे?"

"पुष्कळ आहे," अंबूताई म्हणाल्या. "रिक्षा नको. चालतच जाऊ."