डोक्याला हात लावण्याआधी

टोपीवरची निळी फीत यंदा माझीच, असं मी तुळजापूरला घरी आधीच कळवून टाकलं होतं! मिशनच्या दवाखान्यात आम्ही नर्सिंगच्या तालमीला होतो. ज्या पोरीवर रोगी खूश, तिला आमच्या गोऱ्या मिसबाई फीत देणार आणि बायकांचा वॉर्ड तिच्या हवाली करणार. माझ्याइतकी चटपटीत पोरगी अख्ख्या निजामाच्या मुलखात होती का?

पण जपानच्या लढाईपायी ब्रह्मदेशातून मा खिन आमच्यात येऊन पडली. मराठी मोडकंतोडकं, तरी बाया तिच्यापुढं लोण्यासारख्या विरघळायच्या! मी ताप बघितला की, "बघितलास व्हय? जा आता." तिनं बघितला की, "बस गं माझी सोनुली!" माझ्या पोटात जे दुखायचं, त्यावर दवाखान्यात औषध नव्हतं.

मग मी पाळत ठेवली. रोग्याच्या डोक्याला हात लावण्याआधी ती हात जोडून, मान लववून आपल्या भाषेत काहीबाही पुटपुटायची. विचारलं तर म्हणते, "डोकं मोठं. हात लावायचा, तर माफी मागायची. आमची रीत."

एवढंच? मग मी तर शुद्ध मराठीत मागणार!

भूमच्या रुद्रम्मांचा मोडलेला पाय जुळला होता, पण बाई जमिनीला पाऊल टेकवायला तयार नव्हत्या. त्यांची वेणी घालायला मी फणी घेऊन गेले. मिसबाई दारातच उभ्या. अशी संधी कोण सोडतंय! मी हात जोडले, डोळ्यांत पाणी आणलं (तेवढी पदरची भर!) आणि गहिवरून म्हटलं, "रुद्रम्मा, काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला. माफ करा मला!"

उशाशी बसलेल्या त्यांच्या सुनेच्या, गंगम्माच्या हातातली वाटी खाली पडली.

"आत्याबाईऽऽ! आमाला सोडून चाललात की वो!"

बाहेर लिंबाखाली बसलेला मुलगा महांतप्पा धोतर सावरत धावला आणि त्यानं आईच्या कपाळाला विभूती फासली. शेजारच्या खाटेवरची बाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "लई गुणाची होती वो!"

"अहो, मी फक्त वेणी..." पण ऐकतंय कोण! असं बोलणं आपल्याकडं शेवटच्या निरोपाला बोलतात, हे तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं. मा खिनचं पुटपुटणं कुणाला कळत नव्हतं, म्हणून ती गोड!

रुद्रम्मांनी डोळे वटारले. "कोण मेलंय रं?" म्हणत त्या खाटेवरून उतरल्या आणि ताडताड दारापर्यंत चालत गेल्या!

मिसबाई हरखल्या. "रुद्रम्मा! तुम्हांला कुणी चालवलं?"

"हिनं!" बोट थेट माझ्याकडं! मी टोपी नीट केली, फितीला जागा करून ठेवली.

"हिच्या हातानं मरण्यापरीस भूमला चालत गेलेलं बरं!"

फीत मा खिनला मिळाली. निळा रंग तिला अजिबात शोभत नाही, हे आपलं मी अगदी निर्मळ मनानं सांगते हं!