वरच्या खोलीतलं ह-ह-ह-ह

रुपराव गजभिये स्वतःची ओळख करून देण्याआधी घसा साफ करत, मग चष्मा साफ करत, आणि शेवटी समोरच्याच्या मनातल्या शंका साफ करत. "मध्य हिंदुस्थानात तल्लख डोकी दोनच हायेत," ते म्हणत. "एक माझं. दुसऱ्याचा तपास चालू हाय."

प्रताप नगरातल्या त्यांच्या घराच्या फाटकावर पाटी होती: 'रुपराव गजभिये, सेवानिवृत्त तारबाबू, गुप्तहेर. भेटीची वेळ जेवणाआधी.' फाटकावर पाटी लावली तर हेर गुप्त कसा, असं त्यांच्या सुनेनं, प्रेमिलानं, लग्न होऊन आल्या आल्या विचारलं होतं.

"गुप्त मी हावो, सूनबाई. पाटी कायले गुप्त ठेवू?"

असा नेमका प्रश्न विचारणारी माणसं रुपरावांच्या मते दुर्मिळ होती. त्यांनी तिला तिथल्या तिथं सहायक नेमलं. या नोकरीला पगार नव्हता, रजा नव्हती, आणि राजीनामा द्यायचा तर घटस्फोटच घ्यावा लागला असता. नवरा मौद्याला मास्तर, पंधरवड्यातून एकदा येणारा. त्यामुळे प्रेमिला कडेवर सुमीला घेऊन तपास करी. सुमीला दात येत होते, आणि तपासात हाती लागलेली प्रत्येक वस्तू ती आधी चावून बघे. आजवरच्या तपासात पुराव्याची इतकी कसून परीक्षा दुसऱ्या कोणी केली नव्हती.

हे प्रकरण सुरू झालं ते दुपारी, रुपराव खाटेवर पडून विचार करत असताना. त्यांच्या विचारांचा आवाज बाहेरच्या ओसरीपर्यंत येई, म्हणून प्रेमिला सुमीला ओसरीतच झोपवी. अचानक घोरणं थांबलं.

"सूनबाई. वर ऐक."

वर स्लॅबवर कोणीतरी टाच आपटत होतं. टक टक टक टक. जरा थांबून पुन्हा टक टक टक टक.

वरच्या खोलीत बळीराम मेश्राम आणि त्याची बायको जयवंता भाड्यानं राहत. बळीराम कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून, कमी बोलणारा, वाटेत भेटला की "जय भीम, काकाजी" म्हणून बाजूला होणारा. जयवंताला सातवा महिना होता. सकाळी ती खाली येऊन सुमीला मांडीवर घेई, आणि तेवढ्या वेळात प्रेमिलाला भाकर गरम असताना खाता येई. बाळंतपणानंतर प्रेमिलाशी इतकं चांगलं कोणी वागलं नव्हतं. सख्ख्या बहिणीनंही नाही. ती नुसती पत्रातून सल्ले पाठवी.

"चार टिंबं," रुपराव कुजबुजले. तीस वर्षं त्यांनी तारऑफिसात कट्ट-कडकट्ट ऐकलं होतं. त्यांच्या कानाला पावसाची पागोळीसुद्धा मजकुरासारखी लागे. "चार टिंबं म्हणजे तारेच्या भाषेत एच. एच, एच, एच, एच. ह ह ह ह. सूनबाई, तो हसून राहिला."

"कोणावर, मामाजी?"

"घरात विचार करनारा माणूस किती हाय? त्याच्यावर."

दुसऱ्या दिवशी टाच तीन-तीनदा पडली. तीन टिंबं म्हणजे एस. स स स स. रुपराव उठून बसले. "आज त्याले कोणीतरी चूप बसवून राहिलं. म्हणजे टोळी हाय."

"मी वर जाऊन विचारून येऊ का?"

"विचारनं हे पोलिसाचं काम. आपण अनुमान करतो." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "तू फक्त वर मिरच्या वाळू घाल."

प्रेमिला सुपात मिरच्या घेऊन गच्चीवर गेली. खोलीची खिडकी गच्चीकडेच उघडी होती. बळीराम पाठमोरा बसला होता. कानांवर दोन काळ्या वाट्या, दोन्ही वाट्या डोक्यावरून एका पट्टीनं जोडलेल्या. समोर बटणांची एक डबी, डबीच्या बाजूला टेपरेकॉर्डर, आणि या सगळ्यांतून जिलबीसारखी गेलेली वायर. मांडीवर काहीतरी लांब होतं, पण ते कपाटाच्या आड. खांदे हलत होते, मान डुलत होती. मधूनच तो बटण जरासं फिरवी आणि डोळे मिटून कान देई. खोलीत मात्र चिडीचूप.

हे सगळं ऐकून रुपराव बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. तेवढ्या वेळात प्रेमिलानं सुमीचा लंगोट बदलला.

"तिजोरीफोड्या," ते शेवटी म्हणाले. "कानाले लावून, बटन फिरवून, आतला खटका ऐकतात ते."

"पण घरात तिजोरी कुठं हाय?"

"म्हणून त बिचारा टेपरेकॉर्डरवर सराव करून राहिला."

दोन दिवसांनी त्यांनी बळीरामला फाटकातून आत येताना पाहिलं. पाठीवर माणसाच्या छातीएवढी उंच पिशवी, आणि पिशवीच्या तोंडातून तारांची टोकं. तारा, लाकूड आणि जिनिंगमधली नोकरी यांची रुपरावांनी बेरीज केली. उत्तर आलं: पिंजाऱ्याची धुनकी. हा माणूस जिनिंगमधून कापूस आणतो, वर बसून पिंजतो आणि गाद्या भरतो.

"मग गाद्या कुठं गेल्या?" प्रेमिलानं विचारलं.

"विकल्या. उगाच नाही हसून राहिला."

आठवडा संपेपर्यंत वरच्या खोलीत कापूसचोर, तिजोरीफोड्या आणि बिनतारी हसणारा हेर असे तिघं राहू लागले. भाडं मात्र एकाचंच येत होतं. बहुधा याच गोष्टीनं रुपरावांचा संयम सुटला.

"रविवारी दुपारी छापा," त्यांनी जाहीर केलं. "सोमवारी खोली खाली."

प्रेमिलाच्या हातातली पळी थांबली. दुसऱ्या दिवशी नळावर ती जयवंताजवळ बसली. सरळ विचारायला जीभ वळेना. "तुमच्याकडं वर," ती म्हणाली, "काही असं हाय का, की जे खाली कोणाले समजू नये?"

जयवंताचा चेहरा उतरला. "आवाज आला का वं खाली?"

"कायचा आवाज?"

"मी किती सांगते यायले, पाय नका आपटू म्हणून. काकाजी खोली खाली करा म्हणतील त मी या दिवसात कुठं जाऊ? माहेरी माय नाही. नवी खोली पाहाले जिने चढनं होत नाही आता." तिनं प्रेमिलाचा ओला हात धरला. "काकाजीले सांगू नको वं, बाई."

आता फक्त एक प्रश्न उरला होता: पाय कशासाठी आपटतात? प्रेमिलानं तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी सुमीनं कपड्याचा साबण तोंडात घातला. साबण निघेपर्यंत, उलटी होईपर्यंत, रडं थांबेपर्यंत दुपार झाली. मोठमोठे तपास असेच बारगळत असतील, असं प्रेमिलाला वाटलं. फक्त ते कुठं लिहून ठेवत नसतील.

रविवारी रुपराव टोपी घालून, बाजारभाव वाचायचं भिंग हातात घेऊन जिना चढले. मागे प्रेमिला, तिच्या कडेवर पेंगुळलेली सुमी. प्रेमिलाचं मन एकाच गोष्टीत अडकलं होतं: खोली सोडायची हे जयवंताला कसं सांगायचं. जयवंता आत चटईवर आडवी होती. दारात टोपी दिसताच धडपडत उठली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. बळीराम पाठमोराच होता. कानांवर वाट्या, मान डुलत, टाच चालू.

"बळीराम मेश्राम," रुपरावांनी सुरुवात केली, "तुझा खेळ संपला."

बळीराम डुलत राहिला.

"पाहा सूनबाई, किती थंड डोक्याचा गुन्हेगार हाय. बळीराम, तुझा ह-ह-ह-ह मी पहिल्याच दिवशी वाचला. कापूस कुठून येते, मले माहीत हाय. तुह्या साथीदाराचं नाव सांग."

बळीरामनं एक बटण जरा फिरवलं आणि समाधानानं मान हलवली.

"कबूल केलं," रुपराव म्हणाले, आणि पुरावा जप्त करण्यासाठी त्यांनी टेपरेकॉर्डरमधून कानांकडे जाणारी वायर हिसकली.

मग जे झालं त्याला आवाज म्हणणं थोडं होईल. टेपरेकॉर्डरच्या पोटात इतके दिवस कोंडलेलं काहीतरी एकदम मोकळं झालं. खिडकीच्या काचा थरथरल्या, गच्चीवरची कबुतरं उडाली, समोरच्या घरातले दुपारी झोपलेले गृहस्थ बनियनवर बाहेर आले. आणि त्या दणक्याच्या आत, नीट कान दिला तर, एक सूर होता. हळू, झुलता. पाळणा.

बळीरामनं वळून पाहिलं आणि हात तारांवर दाबून धरला. मांडीवर लाल रंगाचं इलेक्ट्रिक गिटार होतं.

"काकाजी," तो उठत म्हणाला, "तुम्ही आले, मले समजलंच नाही."

तेवढ्यात रुपरावांच्या पत्नी, सिंधूताई, विरजणाची वाटी घेऊन वर आल्या. दही मागायला जयवंता सकाळीच येऊन गेली होती. "गिटार वाजवते तो," त्या शांतपणे म्हणाल्या. "भीमगीतांच्या पार्टीत हाय. पार्टीचे मोठे स्पीकर घरी कुठं आनन, म्हणून जरीपटका वस्तीतल्या रेडिओवाल्याकडून ती डबी करून घेतली. डबीतून थेट स्पीकरसारखा आवाज निघते म्हने, पन कानातल्या कानात. आला त्याच दिवशी सांगतलं त्यानं मले."

रुपरावांची टोपी जरा तिरपी झाली. "मग मले काहून नाही सांगतलं?"

"तुम्ही विचारलं कधी? तुम्ही तपास करून राहिले होते."

"आन् कानातल्या कानात कायले वाजवते? लपवाले?"

बोलली जयवंता. "तुम्हीच म्हनलं होतं, काकाजी. खोली देतानी. 'घरात आवाज चालनार नाही, मी विचार करत असतो.' तवापासून हे असेच वाजवतात. पाय तेवढा ऐकत नाही यांचा." तिचा आवाज बारीक झाला. "तोबी ऐकन. मी बांधून ठेवन त्याले. पन आम्हाले काढू नका."

सुमी जागी झाली होती. रडायचं सोडून ती लाल गिटाराकडे टक लावून बघत होती, खालचा ओठ पुढे काढून, एखादा मोठा निर्णय घ्यायचा असावा तशी.

"पाळनाच व्हता ना तो?" सिंधूताईंनी विचारलं.

"व्हय काकू. येनाऱ्यासाठी बसवून राहिलो. पन सूर अजून फाटका निघते, डबीच्या या खटक्यानं."

"आवाज फाटका असन त शिवून घे," रुपराव म्हणाले, पण त्यात दम नव्हता. मग त्यांनी घसा साफ केला, चष्मा साफ केला. आजवर चुकलेला एकही निष्कर्ष त्यांनी मागे घेतला नव्हता. मागे घेण्याची त्यांना सवयच नव्हती; ते फक्त पुढे जात.

"हे सारं ठीक हाय," ते म्हणाले. "पन ही डबी संशयास्पद हाय. एवढाल्या स्पीकरचा आवाज एवढ्याशा डबीत कसा मावला, याचा खुलासा झाला नाही. म्हणून माझा हुकूम असा, की तपास पुरा होतवर संशयितानं खोली सोडायची नाही. बायकोनंबी नाही. जे कोणी येनार असन, त्यानंबी नाही."

जयवंता भिंतीवरून हळूच खाली चटईवर बसली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. प्रेमिला जाऊन तिच्याजवळ टेकली.

रुपरावांनी वायर पुन्हा जागेवर खुपसली, वाट्या टोपीवरूनच कानांना लावल्या आणि बळीरामला खूण केली. "वाजव. मी तपासतो."

बळीराम वाजवू लागला. खोलीत पुन्हा चिडीचूप. रुपरावांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग डोळे मिटले, मग आठ्या एकेक करून गेल्या.

"किती दिवस चालन गा हा तपास, काकाजी?" जयवंतानं विचारलं.

त्यांना काही ऐकू गेलं नाही. उत्तर प्रेमिलानं दिलं.

"तुह्या लेकराचं लग्न होतवर त नाहीच होत पुरा," ती म्हणाली. "मी ओळखते यायले."