राजसबाईंनीं मामंजींचा संगणकी किल्ला उघडिला त्याची हकीकत

श्रीविघ्नेश्वर उंबरठ्यावर बसोन आहे, त्यास पुसूनच आंत पाऊल घालितों. शके १९४६, संवत्सराचें नांव क्रोधी परंतु कथा हांसरी, ते वर्षीं एके दौलतीचें सारें दफ्तर संगणकांत गेलें. त्या संगणकी किल्ल्याचे किल्लेदार दाजीसाहेब, मोठे करारी पुरुष, मिशांस पीळ देऊन म्हणत कीं, "आमच्या किल्ल्यांत मुंगी शिरली तरी किल्लेदारी सोडूं." त्यांची सून राजसबाई. बाईंनीं लखमोपंत गुरूंपाशीं नवी विद्या आरंभिली, टोपीकर तीस एथिकल हॅकिंग म्हणतात, म्हणजे धन्याच्या परवानगीनें धन्याच्याच घराची चोरवाट शोधावी आणि चोराआधीं त्यास दाखवावी. पंतांनीं पहिलाच धडा दिला कीं, "बाई, आज्ञापत्र नसतां परक्याचें कवाड बोटानेंही लोटूं नये. लोटलें तर ती विद्या नव्हे, दरोडा." बाई धडा घोकीत स्वयंपाक करूं लागल्या आणि आमटींत मीठ दोनदां पडूं लागलें, परंतु आनंद ऐसा कीं पाय भुईस लागेनात. मग कोणतें दार उघडें, कोणतें नुसतें लोटलेलें, हें लांबून ओळखूं लागल्या, आणि मग शहाणेसुरते लोक परवलीचे शब्द किती बावळट ठेवितात हें कळलें तेव्हां हांसतां हांसतां बाईंचें पोट दुखलें.

मग दौलतीचे धनी जे सरकार त्यांनीं, विद्या खरी कीं नुसत्या गप्पा हें पाहावें म्हणोन, आज्ञापत्र दिलें कीं दाजीसाहेबांचाच किल्ला तपासावा. दाजीसाहेब बोलिले, "खुशाल!" बाई मात्र पेचांत पडल्या. किल्ला उघडला तर मामंजींची किल्लेदारी जाते, आणि मुद्दाम हरावें तर विद्येशीं बेइमानी. पंतांस पुसलें, तों पंत म्हणाले, "खोटा अहवाल देणारा चोराचाच भाऊ." मग बाईंनीं पदर खोचिला आणि लॅपटॉप उघडिला. तट पाहिला, मजबूत. दारें पाहिलीं, बंद. उरला परवलीचा शब्द. कुलदैवताचें नांव घातलें, नाहीं. आवडत्या घोडीचें घातलें, नाहीं. नातवाचें घातलें, तेंही नाहीं, आणि यंत्रानें दटाविलें कीं आतां एकच वेळ, मग कायमचें कुलूप. बाई विचारांत पडल्या कीं सावध मनुष्य शब्द कोणता ठेवील? जो त्याच्या तोंडून कोणीं कधीं ऐकिला नाहीं तो! आणि एकाएकीं आठवलें कीं लग्नांत आपलें नांव बदललें, जुनें नांव झिपरी तें माहेरींच राहिलें, आणि पाठवणीचे समयीं बापानें "झिपरे, जप ग माझे बाई" म्हणोन हंबरडा फोडिला तेव्हां मामंजी शेजारींच उभे होते. सासऱ्यानें सुनेस नांवानें हांक मारूं नये ऐसी घराची रीत, ती त्यांनीं कधीं मोडिली नाहीं. बाईंनीं भीत भीत झिपरी घातलें आणि किल्ला खाडकन उघडला. बाई हांसूं लागल्या आणि रडूंही लागल्या, आणि आंत पाऊल न टाकितां दार ओढून परतल्या.

दुसरे रोजीं दरबार भरला. बाईंनीं किल्ला उघडल्याचें निवेदिलें. सरकारांनीं पुसलें, "शब्द कोणता?" बाई बोलिल्या, "शब्द ज्याचा त्यानें सांगावा, सरकार. आमचें काम वाट दाखवावयाचें." दाजीसाहेबांनीं किल्लेदारीच्या शिक्क्यांची पिशवी सरकारांपुढें ठेविली, मिशांचा पीळ सुटला, आणि हळूच म्हणाले, "झिपरी." सारा दरबार चकित जाहला, आणि मग खदखदां हांसला. सरकारही हांसले आणि म्हणाले, "चोराआधीं सून शिरली हें दौलतीचें भाग्य. किल्लेदारी तुमचीच, शब्द तेवढा बदला." दाजीसाहेबांनीं मुजरा केला आणि सुनेकडे वळोन, अवघ्यांदेखत, बोलिले, "फुटलेला शब्द किल्ल्यास निरुपयोगी. घरीं चालेल. चल झिपरे, घरीं जाऊं."

येणेंप्रमाणें किल्ला उघडला, किल्लेदार राहिला, आणि घरची रीत आनंदानें मोडली. इतकें लिहोन लेखणी ठेविली. लेखकाचा परवलीचा शब्द कोणीं पुसूं नये.